खाते तुमचे, गुन्हा कुणाचा? कार्डचोरी आणि ऑनलाइन फसवणुकीच्या आरोपात बचाव कसा उभा राहतो

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये सायबर दरोडा पडला. ११ ऑगस्टला, शनिवारी, बनावट व्हिसा कार्डांच्या साह्याने २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतात रुपे कार्डांवर आणखी सुमारे अडीच कोटी गेले. सोमवारी, १३ तारखेला, १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधल्या एका खात्यात वळते झाले. एकूण आकडा ९४ कोटी ४२ लाख.

एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवून तुरुंगवासाची शिक्षा सुनावली. बँकेची यंत्रणा कुठून तरी दूरवरून फोडणारे त्यांत नव्हते. होते ते बनावट कार्डे मिळवणारे, पुढे वाटणारे आणि ती घेऊन एटीएमपुढे उभे राहणारे.

कार्ड आणि ऑनलाइन फसवणुकीच्या बहुतेक गुन्ह्यांत हेच होते. तपासाची दोरी ओढली की हाताला आधी लागते ते नाव असलेले टोक. खाते कुणाचे, सिमकार्ड कुणाच्या आधारवर, सीसीटीव्हीत चेहरा कुणाचा, पार्सल कुणाच्या पत्त्यावर. त्या टोकाला कधी खरा गुन्हेगार असतो, कधी दोन-चार हजारांसाठी पासबुक देऊन बसलेला तरुण, आणि कधी काहीच ठाऊक नसलेला दुकानदार. पैसे गेलेल्यांनी काय करावे, १९३० वर कधी फोन करावा, हे आता बऱ्याच लोकांना माहीत झाले आहे. आरोप ज्याच्यावर आला त्याने काय करावे, याची चर्चा मात्र क्वचितच होते. तक्रारदार हैदराबादचा, गुन्हा तिथेच दाखल आणि पैसे ज्या खात्यात काही मिनिटे थांबले ते मेहकर किंवा मलकापूरच्या शाखेतले, असे सहज घडू शकते. अशा वेळी बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसासमोर कायद्याने कोणते मार्ग उघडे असतात, ते पाहू.

कलमे कोणती लागतात?

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. त्याआधी घडलेल्या कृत्याला जुनीच कलमे लागतात, त्यामुळे घटनेची तारीख आधी पाहायची.

कार्ड प्रत्यक्ष चोरले असेल तर चोरीचे कलम ३०३. दुसऱ्याचा पासवर्ड, पिन, ओटीपी किंवा अशी कोणतीही ओळखखूण लबाडीने वापरली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ क, म्हणजे इंग्रजीतले सिक्स्टी सिक्स सी. मोबाइल किंवा संगणक वापरून, दुसराच कुणी असल्याचे भासवून फसवले तर ६६ ड. या दोन्हींत कमाल शिक्षा तीन वर्षे आणि एक लाखापर्यंत दंड. त्याच कायद्याच्या कलम ७७ ब नुसार तीन वर्षांपर्यंतचे हे गुन्हे जामीनपात्र आहेत. जामीनपात्र म्हणजे जामीन मागणे हा आरोपीचा हक्क, न्यायालयाची मेहेरबानी नव्हे.

पण एफआयआरमध्ये केवळ ही दोनच कलमे सहसा नसतात. त्यांच्या जोडीला न्याय संहितेचे ३१८ पोटकलम ४ असते, म्हणजे जुने चारशेवीस. शिक्षा सात वर्षांपर्यंत आणि गुन्हा अजामीनपात्र. तोतयेगिरीचे ३१९, चोरीचा माल घेतल्याचे ३१७, कटाचे ६१, कागदपत्रे बनावट असतील तर ३३६ पासूनची कलमे, अशी माळ लांबत जाते.

इथे पहिला कायदेशीर आक्षेप निघतो. एकाच कृत्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायदा आणि दंड संहिता दोन्ही लावता येतात का? कर्मचाऱ्यांवर संगणकीय माहिती चोरल्याचा आरोप असलेल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले की, विशेष कायद्यात ते कृत्य पूर्णपणे येत असेल तर त्याच कृत्यासाठी दंड संहितेची कलमे वेगळी लावता येणार नाहीत. आरोपीच्या दृष्टीने फरक मोठा आहे. चारशेवीस गळाले की उरतो तो जामीनपात्र गुन्हा. तरी हा मुद्दा प्रत्येक प्रकरणात चालेल असे समजू नये. फसवणुकीचे घटक वेगळे आणि स्वतंत्र दिसत असतील तर दोन्ही कायदे शेजारी शेजारी टिकू शकतात.

दुसरा आक्षेप साधा, पण बऱ्याचदा नजरेतून सुटणारा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८ नुसार या गुन्ह्यांचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. दोषारोपपत्रातल्या जबाबांवर आणि पंचनाम्यांवर सह्या कुणाच्या आहेत, हे वकिलाने सुरुवातीलाच तपासायला हवे.

नोटीस आली तर

सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करू नये, अटक का गरजेची आहे याची कारणे नोंदवावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात बजावले. चारशेवीस याच टप्प्यात येते. म्हणून अशा प्रकरणात आधी हाती पडते ती नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ पोटकलम ३ ची नोटीस. पूर्वीची एक्केचाळीस अ. नोटीस पाळून जोवर माणूस हजर राहतो आणि सहकार्य करतो, तोवर त्याला अटक करायची नाही, हा नियम. अपवाद केला तर कारणे लेखी द्यावी लागतात.

ही नोटीस मिळाल्यावर घाबरून फोन बंद करून नातेवाइकांकडे जाऊन राहणे, यासारखी दुसरी चूक नाही. नोटीस न पाळणे हेच अटकेचे कारण ठरते.

नोटीस खरी आहे का, हाही प्रश्न आहेच. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले की, कलम ३५ ची नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवणे ही कायद्यानुसार बजावणी नव्हे. व्हिडिओ कॉलवर गणवेशात बसून "तुम्हाला डिजिटल अटक केली आहे" म्हणणारा माणूस पोलीस नसतो. अशी अटक भारतीय कायद्यात नाहीच. पण व्हॉट्सॲपवर आलेली प्रत्येक नोटीस खोटी म्हणून फेकून देणेही बरे नाही. त्यावरचा गुन्हा क्रमांक आणि पोलीस ठाण्याचे नाव घेऊन बुलढाण्याच्या सायबर पोलीस ठाण्यात किंवा वकिलामार्फत खातरजमा करता येते. पडताळणीसाठी क्रमांक स्वतः शोधायचा, नोटिशीवर छापलेला वापरायचा नाही.

अटक झालीच तर तिची कारणे लेखी आणि आरोपीला समजेल अशा भाषेत द्यावी लागतात. मुंबईतल्या वरळीच्या एका अपघात प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या खटल्यात नोव्हेंबर २०२५ मध्ये हे सर्व गुन्ह्यांसाठी बंधनकारक झाले. लगेच देणे शक्य नसेल तर निदान कोठडीसाठी हजर करण्याच्या दोन तास आधी तो कागद आरोपीच्या हातात पडला पाहिजे. संग्रामपूरच्या माणसाला इंग्रजीत किंवा तेलुगूत छापलेला कागद देऊन सही घेतली, एवढ्याने हे काम भागत नाही.

चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क आहे, मात्र पूर्ण वेळ वकील शेजारी बसवण्याचा नाही. पोलिसांसमोर दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. पण त्या कबुलीतून एखादी वस्तू सापडली, उदाहरणार्थ लपवलेली कार्डे, तर तेवढा भाग चालतो. "सही करून टाका, काही होत नाही" हे वाक्य पोलीस ठाण्यात कुणीही म्हटले तरी कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या पंचनाम्यावर सही करू नये. झडती आणि जप्तीचे चित्रीकरण करणे आता कायद्यानेच पोलिसांवर बंधनकारक आहे. ते झाले नसेल तर त्याची नोंद वकिलाने पहिल्याच तारखेला करून ठेवावी.

मोबाइलचा पासवर्ड सांगायचा की नाही? स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नाही, असे राज्यघटनेचा अनुच्छेद २० सांगतो. पासवर्ड हा त्यात मोडतो का, यावर न्यायालयांनी वेगवेगळी मते दिली आहेत. त्यामुळे हा निर्णय वकिलाला विचारूनच घ्यावा.

गुन्हा परराज्यात, माणूस चिखलीत

ऑनलाइन गुन्ह्यांत ही अडचण हमखास येते. अटकपूर्व जामीन मागायचा तो जिथे गुन्हा दाखल आहे तिथल्या न्यायालयात. पण तिथवर पोहोचण्याआधीच उचलून नेले तर? सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये यातून वाट काढून दिली. गुन्हा दुसऱ्या राज्यात असला तरी आरोपी जिथे राहतो तिथले सत्र न्यायालय किंवा उच्च न्यायालय मर्यादित काळापुरता अटकपूर्व जामीन देऊ शकते, म्हणजे त्या मुदतीत त्याला योग्य न्यायालयात जाता येते. बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसासाठी ते म्हणजे इथले सत्र न्यायालय किंवा मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ.

हा जामीन मागितला आणि मिळाला असे होत नाही. तपास अधिकाऱ्याला आणि सरकारी वकिलाला आधी नोटीस द्यावी लागते. थेट परराज्यातल्या न्यायालयात का जाता येत नाही, हेही पटवून द्यावे लागते.

एकशे अकराचा घोर

नव्या न्याय संहितेत संघटित गुन्हेगारीचे कलम १११ आले आणि त्यात सायबर गुन्ह्यांचा उल्लेख नावानिशी आहे. शिक्षा किमान पाच वर्षे, कमाल जन्मठेप, दंड किमान पाच लाख. भाड्याने खाते देणाऱ्यालाही हे कलम लावले गेले तर सगळे गणित बदलते. सात वर्षांच्या गुन्ह्यात पोलिसांनी ६० दिवसांत दोषारोपपत्र दाखल केले नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. जन्मठेपेचे कलम लागले की ती मुदत ९० दिवस होते. म्हणजे खटला उभा राहण्याआधीच, केवळ एका आकड्याने, माणूस आणखी महिनाभर आत राहू शकतो.

पण हे कलम लावायला अट आहे. बेकायदा कृत्य सतत चाललेले हवे. मागच्या दहा वर्षांत त्याबाबत एकाहून अधिक दोषारोपपत्रे दाखल झालेली आणि न्यायालयाने त्यांची दखल घेतलेली हवी. त्यात गुन्हेगारी टोळीचा सदस्य म्हणून किंवा तिच्यासाठी ते केलेले असावे लागते. पहिल्याच गुन्ह्यात अडकलेल्या तरुणाचा वकील इथे बोट ठेवतो. सरकारी पक्षाचे उत्तरही ठरलेले असते. मकोकाच्या खटल्यांत दोषारोपपत्रे टोळीविरुद्धची मोजली जातात, प्रत्येक सदस्याविरुद्धची स्वतंत्र नव्हे, आणि तोच न्याय इथे लावा, असे ते म्हणतात. म्हणून "माझ्यावर आधी गुन्हा नाही" एवढे पुरत नाही. ती टोळी कोणती, तिच्याविरुद्ध कुठली दोषारोपपत्रे आणि या माणसाचा तिच्याशी धागा काय, हे तिन्ही प्रश्न कोठडीच्या पहिल्या सुनावणीपासून विचारावे लागतात.

साठाव्या किंवा नव्वदाव्या दिवसाचा हिशेब घरच्यांनीही ठेवावा. दोषारोपपत्र येण्याआधी अर्ज दाखल झाला तरच तो हक्क टिकतो. एक दिवस उशीर झाला की संपला.

माहीत होते की नव्हते?

फसवणुकीच्या गुन्ह्याचा गाभा हेतू आहे. पैसे खात्यात आले, एवढ्याने फसवणूक सिद्ध होत नाही. लबाडीचा हेतू सुरुवातीपासून होता, हे सरकारी पक्षाला दाखवावे लागते. चोरीचा माल घेतल्याच्या कलमात मात्र शब्द थोडे वेगळे आहेत: माल चोरीचा आहे हे माहीत असणे "किंवा तसे मानायला कारण असणे". या दुसऱ्या भागात भले भले अडकतात.

दोन माणसे घ्या, दोन्ही कल्पित. पहिला नांदुऱ्याचा बेरोजगार पदवीधर. कुणाच्या तरी सांगण्यावरून त्याने नवे खाते उघडले. पासबुक, एटीएम कार्ड, चेकबुक आणि त्या खात्याला जोडलेले सिमसुद्धा काढून दिले आणि त्याबदल्यात रोख रक्कम घेतली. त्याचे "मला काही माहीत नव्हते" न्यायालय सहज मानणार नाही. स्वतःच्या व्यवहारासाठी खाते लागणारा माणूस सिमकार्ड दुसऱ्याच्या हाती कशाला देईल, हा प्रश्न येणारच. त्याचा बचाव पूर्ण नकारात नाही, भूमिकेच्या मर्यादेत आहे. त्याने कुणालाही फोन केला नाही, मुख्य फसवणूक कशी झाली हे त्याला ठाऊक नव्हते, फसवणुकीच्या रकमेतला वाटा त्याला मिळाला नाही, त्याला ज्यांनी गाठले त्यांच्याशी झालेले संभाषण त्याने स्वतःहून दिले. या गोष्टी जामिनात आणि शिक्षेत वजन टाकतात. खरे सांगायचे तर अशा तरुणाने चॅट पुसून टाकले की तो स्वतःचाच एकमेव साक्षीदार मारतो. वर पुरावा नष्ट केल्याचा आरोप वेगळा.

दुसरा खामगावचा चांदीचा व्यापारी. या गावाची चांदी प्रसिद्ध, गिऱ्हाईक बाहेरगावचे. समजा कुणी कार्डावर ताट-वाट्या घेऊन गेला आणि पंधरा दिवसांनी कळले की कार्ड चोरीचे होते. बँक रक्कम परत खेचते आणि पोलीस विचारतात, तुम्हीच सामील आहात का? या माणसाचा बचाव तोंडी नसतो, कागदी असतो. जीएसटी बिल, साठ्याच्या वहीतली नोंद, यंत्रातून निघालेली पावती, दुकानातल्या कॅमेऱ्याचे त्या वेळचे चित्रण. माल खरेच गेला आणि भाव बाजाराचाच होता, एवढे दाखवता आले तर हेतूचा प्रश्न बव्हंशी निकाली निघतो. अडचण एकच: दुकानाचा कॅमेरा काही दिवसांनी जुने चित्रण पुसून नवे भरतो. तेव्हा शंका आल्याच्या दिवशीच ते काढून ठेवायचे, त्या यंत्रासकट.

शेगावच्या लॉजवाल्याला, देऊळगाव राजाच्या बियाणे विक्रेत्याला यूपीआयने आलेल्या रकमेबाबतही हेच लागू आहे.

शेजारच्या जालन्याने घालून दिलेला नियम

ऑनलाइन गुन्ह्यातला जवळपास सगळा पुरावा इलेक्ट्रॉनिक असतो. बँकेच्या नोंदी, कॉल नोंदी, सीसीटीव्ही, चॅटचे स्क्रीनशॉट. हा पुरावा न्यायालयात कसा चालतो, हे ठरवणारा देशातला सर्वांत महत्त्वाचा निकाल बुलढाण्याच्या शेजारच्या जिल्ह्यातून गेलेला आहे, आणि तो कुठल्या सायबर चोरीचा नाही, आमदारकीच्या निवडणुकीचा आहे.

२०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात शिवसेनेचे अर्जुन खोतकर यांनी काँग्रेसचे कैलास गोरंट्याल यांचा २९६ मतांनी पराभव केला. खोतकरांचे उमेदवारी अर्ज दुपारी तीनची वेळ उलटल्यावर स्वीकारले गेले, असा गोरंट्याल यांचा दावा होता. पुरावा म्हणजे निवडणूक कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचे चित्रण. पण त्या चित्रणाच्या सीडीसोबत पुरावा कायद्याचे कलम ६५ ब मागते ते प्रमाणपत्र नव्हते. पुन्हा पुन्हा मागूनही अधिकाऱ्यांनी ते दिले नाही. औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

१४ जुलै २०२० चा निकाल दोन्ही बाजूंना धडा आहे. मूळ उपकरण न्यायालयात आणले नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र हवेच. तोंडी साक्षीने ती उणीव भरून निघत नाही. पण ज्याने सगळे प्रयत्न केले आणि तरी संबंधित अधिकाऱ्याने दाद दिली नाही, त्याच्याकडून अशक्य गोष्टीची अपेक्षा कायदा करत नाही. शिवाय फौजदारी खटल्यात राहून गेलेले प्रमाणपत्र खटला संपण्याआधी आणण्याची मुभा न्यायालय सरकारी पक्षाला देऊ शकते, फक्त त्याने आरोपीवर अन्याय होता कामा नये.

आज ते कलम भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे आणि आणखी कडक झाले आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग असतात: एक नोंद सादर करणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. त्यात नोंदीचे हॅश मूल्य लिहावे लागते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा. फाइलमधले एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. जप्तीच्या वेळी मोबाइलचा जो ठसा नोंदवला आणि प्रयोगशाळेत पोहोचल्यावर जो मिळाला, ते दोन जुळत नसतील तर मधल्या काळात त्या मोबाइलला कुणी हात लावला, असे विचारण्याचा आरोपीला पूर्ण अधिकार आहे.

मात्र आक्षेप वेळेवर घ्यावा लागतो. कागद न्यायालयात निशाणी म्हणून नोंदवला जात असताना वकील गप्प बसला आणि अपिलात प्रमाणपत्राचा मुद्दा काढला, तर सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच सांगून ठेवले आहे की तो उशीर झाला. तालुक्याच्या न्यायालयात साक्षीच्या दिवशी नुसता "हरकत आहे" हा शब्द नोंदवून घेतला की पुढे उच्च न्यायालयात त्याची किंमत कळते.

आयपी पत्ता म्हणजे माणूस नव्हे

तपासात अनेकदा एक आयपी पत्ता सापडतो आणि तो कुणाच्या तरी मोबाइल इंटरनेटपर्यंत जाऊन थांबतो. पण मोबाइल कंपन्या एकच आयपी पत्ता एका वेळी अनेक ग्राहकांना वाटून देतात. नेमका ग्राहक ओळखायला पोर्ट क्रमांक आणि सेकंदापर्यंतची वेळ लागते. परदेशी कंपनीच्या नोंदी जागतिक वेळेत असतील तर भारतीय वेळेत साडेपाच तासांची भर घालावी लागते. ती घातली नाही तर भलत्याच घरी पोलीस पोहोचू शकतात. उलटतपासात हे साधे प्रश्न विचारायला अभियंता असावे लागत नाही: पोर्ट क्रमांक मागवला होता का, वेळ कुठल्या देशाची होती, त्या घरातला वायफाय किती जण वापरतात?

आरोपीच्या बाजूने बोलणारा पुरावाही असतो. पैसे जळगावच्या एटीएममधून निघाले त्या वेळी त्याचा मोबाइल लोणारच्या टॉवरखाली होता, ही नोंद मोबाइल कंपनीकडे असते. एटीएमच्या कॅमेऱ्यात दुसराच चेहरा असतो. पण या नोंदी कायम राहत नाहीत. त्या जपून ठेवाव्यात, असा अर्ज न्यायालयात लवकर करावा लागतो. खटला उभा राहीपर्यंत दोन-तीन वर्षे गेली तर मागायला काही उरत नाही.

खाते गोठले आहे

आरोप नसतानाही ज्याचा सर्वांना चटका बसतो तो हा भाग. बँक खाते ही मालमत्ताच आहे आणि तपासात पोलीस ती थांबवू शकतात, हे महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ठरवले. आज जप्तीचे कलम १०६ आहे. तिची माहिती दंडाधिकाऱ्यांना द्यावी लागते. गुन्ह्यातून मिळालेली मालमत्ता जप्त करण्याचे वेगळे कलम १०७ आले आहे. त्यात आदेश न्यायालयाचा लागतो आणि त्याआधी धारकाला १४ दिवसांची नोटीस. फसवणुकीचा पैसा असल्याच्या संशयावरून पोलिसांनी थेट १०६ खाली सगळे खाते गोठवावे की १०७ चा रस्ता धरावा, यावर काही उच्च न्यायालयांनी १०७ च्या बाजूने कौल दिला आहे.

खातेदाराने बँकेकडे आधी लेखी विचारणा करावी: कुठल्या पोलीस ठाण्याच्या सांगण्यावरून, कोणत्या तक्रारीत, किती रकमेसाठी? वादातली रक्कम आठ हजार आणि थांबवले सोयाबीनच्या चुकाऱ्याचे अडीच लाख, असे असेल तर वादातली रक्कम बाजूला ठेवून बाकीचे खाते मोकळे करण्याचा अर्ज संबंधित दंडाधिकाऱ्यांकडे कलम ५०३ खाली करता येतो. तिथे दाद मिळाली नाही तर उच्च न्यायालय.

तडजोड, कबुली आणि नोएडाचा तो टीव्ही

तक्रारदाराला पैसे परत मिळाले तर खटला मिटतो का? चारशेवीसमध्ये न्यायालयाच्या परवानगीने तडजोड होऊ शकते. ६६ क आणि ६६ ड मध्येही कलम ७७ अ तशी वाट देते, मात्र गुन्हा स्त्री किंवा अठरा वर्षांखालच्या मुलाविरुद्ध असेल, देशाच्या सामाजिक-आर्थिक स्थितीवर परिणाम करणारा असेल किंवा आधीच्या शिक्षेमुळे आरोपीला वाढीव शिक्षा लागू होत असेल तर नाही. पोलीस ठाण्याच्या दारात मध्यस्थाच्या हाती रोख देऊन होणारी "तडजोड" कायद्यात कुठेच बसत नाही. तिची पावती नसते आणि गुन्हाही तसाच राहतो. पैसे द्यायचेच तर बँकेमार्फत किंवा न्यायालयात जमा करून द्यावेत.

गुन्हा खरेच हातून झाला असेल तेव्हाही बचावाला काम उरते. दिल्लीत २००३ मध्ये निकाली निघालेले सोनी संबंध प्रकरण देशातल्या पहिल्या सायबर शिक्षांपैकी एक मानले जाते. नोएडाच्या कॉल सेंटरमधल्या २४ वर्षांच्या तरुणाने एका अमेरिकी महिलेच्या क्रेडिट कार्डाचा तपशील वापरून सोनीच्या संकेतस्थळावरून रंगीत टीव्ही आणि बिनतारी हेडफोन मागवले. कंपनीने माल पोहोचवताना छायाचित्रे काढली होती, त्यामुळे सुटायला जागा नव्हती. सीबीआयने गुन्हा दाखल केला, तरुणाने कबुली दिली आणि न्यायालयाने त्याला दोषी ठरवले. पण वय आणि पहिलाच गुन्हा पाहून तुरुंगात न पाठवता एक वर्षाच्या चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडले. १९५८ चा परिवीक्षा कायदा आजही तसाच आहे. वकील मागणीच करत नाहीत म्हणून कित्येकदा त्याचा विचार होत नाही.

आधीच्या टप्प्यावर, पुराव्यात दमच नसेल तर आरोपनिश्चितीपूर्वी दोषमुक्तीचा अर्ज असतो. एफआयआर जशीच्या तशी खरी धरली तरी गुन्हा दिसत नसेल तर नागपूर खंडपीठात कलम ५२८ खाली ती रद्द करून मागता येते.

वकील परवडत नसेल

कोठडीतल्या प्रत्येक व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिला आहे. त्याला उत्पन्नाची अट नाही. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती यांनाही नाही. बुलढाण्यात जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे आणि तालुक्यांच्या न्यायालयांत त्याच्या समित्या. १५१०० हा त्यांचा देशभरचा मोफत दूरध्वनी क्रमांक. पहिल्या कोठडीच्या सुनावणीलाच दंडाधिकाऱ्यांना "मला वकील नाही" असे सांगितले तरी वकील नेमून द्यावा लागतो.

त्या वकिलाकडे जाताना घरच्यांनी बरोबर न्यायचे ते एवढेच: नोटीस किंवा एफआयआरची प्रत, खात्याचा किमान वर्षभराचा उतारा, सिमकार्ड कधी घेतले आणि सध्या कुणाकडे आहे याची माहिती, आणि फोनमधल्या एकाही संदेशाला हात न लावता तो फोन.